गवत कापण्याचं कलम

पावसाळ्यात दोन गोष्टी कोणाच्याही परवानगीवाचून वाढतात. एक गवत आणि दुसरी पाहुण्यांच्या मुक्कामाची मुदत. पाहुण्यांना निदान "परतीची गाडी किती वाजताची?" असं विचारता तरी येतं. गवताला परतीची गाडीच नसते. ते आषाढात येतं, श्रावणात पाय पसरतं आणि भाद्रपदात घरमालकालाच विचारतं, की आपण इथे कसे?

गवत उगवणं हा निसर्गाचा भाग झाला. त्याचं लॉन करणं हा माणसाचा उद्योग. लॉन म्हणजे काय, याची व्याख्या मी आमच्या वाणिज्य शाखेच्या पद्धतीनं करून ठेवली आहे. ज्या गवताला माणूस पदरचं खत घालतो, पाणी घालतो, वाढावं म्हणून जिवाचं रान करतो आणि वाढलं की लगेच पैसे देऊन कापून टाकतो, त्या गवताला लॉन म्हणतात. जमाखर्चाच्या वहीत या व्यवहाराची डावी बाजू पुष्कळ लांब जाते आणि उजवी बाजू कोरी राहते. अशा खात्याला आमच्या धंद्यात अनुत्पादक म्हणतात आणि त्याच्या मालकाला दर महिन्याला पत्र धाडतात. लॉनच्या मालकाला मात्र लोक रसिक म्हणतात!

ही रसिकता आली कुठून? मूळ युरोपातलं. तिकडे किल्ल्याभोवतालची झाडी तोडून मैदान मोकळं ठेवायची रीत होती. शत्रू चालून आला तर लांबून दिसावा, एवढाच तिच्यामागचा सौंदर्यविचार. पुढे शत्रू यायचे थांबले आणि मैदानं उरली. त्यांवर मेंढ्या चरू लागल्या. मेंढी फार उत्तम यंत्र आहे. ती गवत बुडापर्यंत साफ करते, खत जागच्या जागी टाकते आणि वर्षाकाठी लोकर देते. तिला तेल लागत नाही, की तिचं पातं बोथट होत नाही. पण अठराव्या शतकात इंग्लंडातल्या उमरावांना मेंढ्याही दिवाणखान्याच्या खिडकीपासून लांब हव्याशा वाटू लागल्या. केपॅबिलिटी ब्राऊन नावाचा एक नामांकित उद्यानकार त्या काळात होऊन गेला. त्यानं मोठमोठ्या वाड्यांच्या उंबऱ्यापर्यंत हिरवळ आणून भिडवली. मेंढ्यांनी ती हिरवळ ओलांडू नये म्हणून मध्ये खंदक असे. तो घरातून दिसत नसे, फक्त मेंढीला दिसे. म्हणजे शत्रूसाठी असलेला खंदक आता मेंढीसाठी झाला. इतिहासात प्रगती म्हणतात ती ही.

लॉनच्या मुळाशी खरा डौल आहे तो इथे. ज्याच्याकडे जमीन कमी, तो तिच्यात गहू पेरणार, बटाटे लावणार. ज्याच्याकडे मुबलक, तोच म्हणू शकतो की या एवढ्या जमिनीतून मला काहीही नको. काहीही न पिकवणारी जमीन दाराशी बाळगणं ही श्रीमंतीची जाहिरात होती. पुढे ही जाहिरात मध्यमवर्गानं मनावर घेतली. अमेरिकेत तर इतकी, की २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उपग्रहाच्या मदतीनं तिथल्या हिरवळींचा अंदाज काढला तेव्हा तो सुमारे १ लाख ६३ हजार चौरस किलोमीटर भरला. महाराष्ट्र ३ लाख ७ हजार. म्हणजे अर्ध्या महाराष्ट्राहून थोडा जास्त मुलूख त्या लोकांनी निव्वळ कापण्यासाठी वाढवून ठेवला आहे! ओलिताखाली एवढी जमीन तिथल्या मक्यालासुद्धा नाही.

व्याज देणारं लॉन माझ्या माहितीत एकच आहे. पहिल्या महायुद्धात, १९१८ साली, अध्यक्ष विल्सन यांनी व्हाइट हाउसच्या हिरवळीवर मेंढ्या सोडल्या. माळी युद्धकार्याला मोकळे झाले, गवत मेंढ्यांनी सांभाळलं, आणि त्यांच्या लोकरीचा लिलाव करून रेड क्रॉसला पन्नास हजारांहून जास्त डॉलर मिळाले. असा ताळेबंद पुन्हा कोणत्याही हिरवळीला जमलेला नाही.

मेंढ्या हाकलल्यावर उरला विळा. तिकडे लांब दांड्याचा मोठा विळा असे, तो उभ्यानं दोन्ही हातांनी फिरवायचा. तो चालवणारे लोक भल्या पहाटे, दंव असताना कामाला लागत. का, तर ओलं गवत जड असतं, जागचं हलत नाही आणि पातं त्यातून सपकन् जातं. ऊन चढलं की गवत हलकं होतं, वाकतं आणि पात्याला चकवतं. हा मुद्दा कृपा करून लक्षात ठेवा. ओल्या गवताला विळा हवा, कोरड्या गवताला यंत्र. पुढे मला त्याची गरज लागणार आहे.

यंत्र आलं १८३० साली. इंग्लंडात ग्लॉस्टरशरमधे स्ट्राउड नावाचा लोकरी कापडाच्या गिरण्यांचा गाव आहे. लोकरीचं कापड विणून झालं की त्यावर लव उरते. ती कातरून कापड गुळगुळीत करायला फिरत्या पात्यांचं एक यंत्र असे. एडविन बडिंग नावाच्या कारागिरानं ते पाहिलं आणि त्याला वाटलं, जमिनीवरची लव याच रीतीनं का कातरू नये? कापडाकडे बघून बागेची आठवण होणारा माणूस विरळाच. आपल्याला कापडाकडे बघून फक्त किमतीची चिठ्ठी आठवते. बडिंगनं १९ इंच रुंदीचं लोखंडी यंत्र घडवलं आणि ऑगस्ट १८३० मध्ये त्याचं पेटंट घेतलं. शेजारपाजारचे वेडा म्हणतील म्हणून तो रात्री अंधारात यंत्र चालवून बघे, अशी आख्यायिका आहे. खरी असो वा नसो, पटण्यासारखी आहे. गवतावरून लोखंडी पेटारा ढकलत जाणाऱ्या गृहस्थाबद्दल देवरीतही हेच म्हटलं असतं.

बडिंगनं यंत्राच्या वर्णनातच एक फार चतुर वाक्य घालून ठेवलं. त्याचा आशय असा, की गावाकडच्या सभ्य गृहस्थांनी हे यंत्र स्वतः चालवलं तर त्यांची करमणूकही होईल आणि प्रकृतीही सुधारेल. मजुराचं काम मालकाच्या गळ्यात व्यायाम म्हणून बांधणारा हा जगातला पहिला विक्रेता असावा. इप्सविचच्या रॅन्सम कंपनीनं दोनेक वर्षांत परवान्यावर ही यंत्रं बनवायला घेतली. पुढे मोठी यंत्रं घोड्यांना जुंपली. पण घोड्यांच्या टापा हिरवळीत रुतत, म्हणून घोड्यांना चामड्याचे बूट घालण्यात आले! १८९० च्या दशकात वाफेवर चालणारं यंत्र निघालं. १९०२ साली पेट्रोलवर चालणारं बाजारात आलं. गवत मात्र १८३० साली जेवढं वाढत होतं, तेवढंच वाढत राहिलं.

याला गवताच्या अंगचा एक गुण कारण आहे. झाडाची वाढ शेंड्यात असते. शेंडा खुडला की ते थबकतं. गवताची वाढ बुडाशी, जमिनीलगत असते. वरून गाय खावो, यंत्र कापो की साहेब तुडवो, खालचा कारखाना चालूच. आमच्या खात्यात वरून कपातीची पत्रकं येतात आणि खाली कामं वाढतच जातात, त्यातलाच हा प्रकार.

आता हिंदुस्थानात या. इकडे साहेब आला तो आपली हिरवळ मनात घेऊन आला. विलायती गवत इथल्या उन्हानं होरपळून गेलं. मग त्याला एक देशी गवत सापडलं. जमिनीवर पसरणारं, पायाखाली न मरणारं, उन्हाळ्यात वाळलं तरी पहिल्या सरीबरोबर हिरवं होणारं. ते म्हणजे आपली दूर्वा! जिला आपण हरळी म्हणतो, शेतात दिसली की तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो आणि भाद्रपदात तिच्याच एकवीस जुड्या घेऊन गणपतीसमोर हात जोडतो, तीच. जगभर तिला बर्म्युडा ग्रास म्हणतात. दिल्लीत राष्ट्रपतिभवनातल्या बागेत (२०२३ पासून ती अमृत उद्यान) हीच दूब पसरलेली आहे आणि तीही कलकत्त्याहून आणून लावलेली. दर वर्षी पावसाळ्याआधी ती सगळी उचलायची, नवी माती पसरायची आणि तीन आठवड्यांत नवं गवत येऊ द्यायचं, अशी तिथली पद्धत. ताजमहालापुढची ऐसपैस हिरवळ आपण मोगलांची समजतो, तीही लॉर्ड कर्झनच्या काळातली. मोगलांच्या बागेत फळझाडं होती. बादशहाला सावली आणि आंबे कळत होते. कर्झनला दृश्य कळत होतं.

साहेबाचं गवत कापायला माणसं मात्र इथलीच होती. पलटणीतल्या घोड्यामागे मोतद्दार असे, तसा घसियाराही असे. त्याचं काम दिवसभर रानोमाळ हिंडून गवत खरवडून आणणं. साहेबाच्या बंगल्यापुढे गवत शोभेचं आणि त्याच बंगल्यामागच्या तबेल्यात ते पोटाचं. एकाच गवताची ही दोन खाती लक्षात ठेवली, म्हणजे पुढचा इतिहास समजायला सोपा जातो.

आणि इथे मला देवरी आणावी लागते. देवरी गोंदिया जिल्ह्यात. १९९९ च्या १ मेपर्यंत भंडारा जिल्ह्यात होती. मुंबई-कलकत्ता हमरस्ता गावातून जातो, आणि त्या रस्त्यानं थोडं पुढे सरकलं की छत्तीसगड लागतं. तालुका जंगलाचा, धानाचा आणि पावसाचा. पन्नास इंचांच्या आसपास पाऊस, आणि तोही चार महिन्यांत उरकायची घाई. जुलै-ऑगस्टात इथे धानाच्या रोवणीची धांदल असते. बांधीत गुडघाभर चिखलात बायामाणसं ओणवी होऊन पऱ्हे रोवतात. त्या दिवसांत देवरीत कोणी मनुष्य रिकामा सापडला, तर तो एकतर आजारी असतो किंवा बदलीवर आलेला कारकून असतो.

मी ज्या शाखेत काम करतो तिच्यापुढे एक तुकडा जमीन आहे. वरिष्ठ कार्यालयाच्या लेखी ते 'हिरवळीने सुशोभित प्रांगण' आहे. एका वर्षी जुलैअखेरीला तिथे कमरेएवढं गवत माजलं आणि वरून पत्र आलं, की १५ ऑगस्टपूर्वी प्रांगण नीट करावे. पत्राच्या मागोमाग विजेवर चालणारं गवत कापायचं एक यंत्रही आलं. पाऊस होताच. सोबतच्या पुस्तकात पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, की यंत्र ओल्या गवतावर चालवू नये. दुसऱ्या पानावर, की एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नये. दोन्ही सूचना बरोबर आहेत. ओलं गवत पात्याला गोळा होऊन चिकटतं, कापलं जाण्याऐवजी फाटतं, चाकं चिखलात रुततात, आणि ओल्या जमिनीवर विजेची वायर ओढत नेणं हा विमा कंपनीशी थेट पत्रव्यवहार करण्याचा मार्ग आहे. पण देवरीत जुलै ते सप्टेंबर कोरडं गवत आणायचं कुठून? यंत्राच्या शिपायानं चार दिवस आकाशाकडे बघितलं. आकाशानं त्याच्याकडे बघितलं नाही. पाचव्या दिवशी यंत्र स्टेशनरीच्या खोलीत गेलं आणि जुन्या लेजरांच्या शेजारी विसावलं.

शेवटी रोवणीतून थोडी फुरसत काढून एक म्हातारेबुवा आले. खांद्यावर घोंगडी, हातात इळा. आपल्याकडे ज्याला विळा म्हणतात त्याला इकडे इळा म्हणतात. त्यांनी यंत्राभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि म्हणाले, "साहेब, हे पान्यात गवत नाही खात जी. हे उन्हातलं जनावर आहे."

मग ते पावसातच बसले. मूठ धरायची, इळा लावायचा, बाजूला ठेवायचं. ओलं गवत सरसर कापलं जात होतं. मघाशी जो मुद्दा लक्षात ठेवा म्हटलं, तो हा. दंवात काम करणाऱ्या विलायती विळेकऱ्यांना जे ठाऊक होतं आणि बडिंग विसरला, ते म्हातारेबुवांना पुस्तक न वाचता ठाऊक होतं. दुपारपर्यंत प्रांगण साफ झालं. मजुरी विचारली तर म्हणाले, "पैसे राहू द्या, गवत नेतो. घरी म्हैस आहे." असा व्यवहार मी जन्मात पाहिला नव्हता. कापणाराही खूश, कापून घेणाराही खूश आणि खात्यात एक पैशाची नोंद नाही!

तीन भारे बांधून झाले तरी म्हातारेबुवा हलेनात. मी विचारलं, "आता काय राहिलं?"

"कागद द्या जी."

"कसला कागद?"

"गवत नेतो म्हनून. रस्त्यानं कोनी अडवलं त दाखवाले पाहिजे. आमच्या बापाचा इळा गार्डानं नेला होता, एका भाऱ्यापायी."

मी हसलो नाही. बँकेत माणूस कागद मागतो तेव्हा हसायचं नसतं, एवढं मला वीस वर्षांत कळलं आहे. 'सदर इसमास प्रांगणातील गवत नेण्यास हरकत नाही' असं लिहून गोल शिक्का मारून दिला. त्यांनी तो प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळला, पिशवी बंडीच्या आतल्या खिशात ठेवली आणि मगच भारा डोक्यावर घेतला.

ज्या वस्तूचं मोल शून्य, तिच्यासाठी माणूस पावती का मागतो? त्याचं उत्तर जंगलखात्याच्या कायद्यात आहे. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात वनोपज म्हणजे काय, याची यादी दिलेली आहे. लाकूड, कोळसा, मध, मेण, मोह वगैरे समजण्यासारखं आहे. पण त्याच यादीत गवत आहे, वेली आहेत, बोरू आहेत आणि शेवाळसुद्धा आहे! जंगलातलं शेवाळ. ज्या सरकारच्या राज्यावर सूर्य मावळत नव्हता, त्याला सावलीतल्या शेवाळाचीही मालकी सोडवत नव्हती. एकदा जंगल राखीव झालं, की बापजाद्यांपासून ज्या रानात गुरं चारली तिथे चराईला पैसे, गवताला परवाना आणि परवान्याला गार्डाची मर्जी.

१९३० साल उजाडलं. एप्रिलात गांधीजींनी दांडीला मूठभर मीठ उचललं आणि देशभर मिठाचा सत्याग्रह पेटला. मध्यप्रांत-वऱ्हाडाची पंचाईत झाली. कायदा मोडायला लोक तयार, पण इथे समुद्रच नाही! अकोल्याजवळ दहीहंड्याला खाऱ्या पाण्याच्या विहिरी होत्या, तिथे मीठ काढून वऱ्हाडानं आपली हजेरी लावली. पण खाऱ्या विहिरी सगळ्यांच्या नशिबी कुठून असणार? तेव्हा पुढाऱ्यांनी विचार केला, की कोकणाला जसा समुद्र तसं आपल्याला जंगल आहे. मग मिठाच्या जागी गवत घ्या. ज्याच्या दाराशी जे, त्यानं ते उचलावं. राजकारणात इतका व्यवहारी विचार क्वचित झाला असेल.

१० जुलै १९३० रोजी, ऐन पावसाळ्यात, लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदजवळच्या राखीव जंगलात शिरून गवत कापलं. अणे म्हणजे वणीचे, यवतमाळला वकिली करणारे, पन्नाशीचे गृहस्थ. संस्कृताचे पंडित. हातात विळा धरण्याचा त्यांना सराव किती असेल, हे सांगायला नको. बडिंगनं म्हटल्याप्रमाणे सभ्य गृहस्थानं स्वतः गवत कापण्याचा याहून ठळक प्रसंग मला माहीत नाही. बडिंगच्या यंत्राला त्या वर्षी बरोबर शंभर वर्षं झाली होती. शंभर वर्षांपूर्वी इंग्लंडात गवत कापल्याबद्दल पेटंट मिळालं. शंभर वर्षांनी त्याच इंग्लंडच्या राज्यात पुसदला गवत कापल्याबद्दल सहा महिन्यांची शिक्षा मिळाली. मूठभर मुद्दल आणि सहा महिने व्याज! एवढा दर कोणत्याही सावकारानं लावला नाही.

पण एकदा विळा फिरला तो थांबेना. २१ जुलैला डॉ. केशव बळीराम हेडगेवार यांनी यवतमाळजवळ जंगल सत्याग्रह केला आणि नऊ महिन्यांची शिक्षा घेऊन ते अकोल्याच्या तुरुंगात गेले. गावोगावचे लोक गाजावाजा करत रानात जात, चार काड्या कापत आणि पोलिसांची वाट बघत. काही खटल्यांत तर चोरीचं कलम लावलं गेलं. हजार माणसांसमोर, आगाऊ कळवून, पोलिसांच्या डोळ्यांदेखत केलेली ही चोरी! आमच्याकडे अशा चोरीला बिनशर्त ठेव म्हटलं असतं.

इथवर हसता येतं. पुढे येत नाही. देवरीच्या उत्तरेला बालाघाट आणि त्याच्या पलीकडे शिवनी जिल्हा. तेव्हा हा सगळा मुलूख एकाच प्रांतात होता. शिवनीतल्या तुरिया गावाजवळ ९ ऑक्टोबर १९३० रोजी लोक गवत कापायला जमले. पोलिसांनी गोळीबार केला. चार माणसं मेली, त्यांत तीन आदिवासी बायका होत्या. गावात ज्यांनी जन्मभर गवत कापलं, त्या बायकांना त्या दिवशी प्रथमच कोणी सांगितलं होतं, की आपण करतो ते काम म्हणजे स्वातंत्र्याची लढाई आहे.

गवतानं एवढ्यावर माणसांचा पिच्छा सोडला नाही. १९४५ साली ठाणे जिल्ह्यातल्या डहाणू-उंबरगाव भागात वारल्यांनी संप केला. मुंबईच्या तबेल्यांना लागणारं गवत त्यांच्या हातून कापलं जाई आणि पैसे जमीनदारांच्या तिजोरीत जात. गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या किसान सभेनं मागणी ठरवली : पाचशे पौंड गवताला अडीच रुपये. त्याखाली कोणी विळा उचलायचा नाही. पाचशे पौंड म्हणजे सव्वादोन क्विंटल ओझं! ऑक्टोबरात तलवाड्याला बाईंची सभा आहे असा खोटा निरोप कोणीतरी पसरवला, हजारो वारली जमले आणि पोलिसांनी गोळ्या झाडल्या. पाच जण गेले. पण विळे खाली राहिले ते राहिलेच, आणि गवत सुकायला लागल्यावर मालक अडीच रुपयांवर आले. गोदावरीबाईंनी हे सारं 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहिलं, त्याला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. हेडगेवार एका टोकाचे, परुळेकर दुसऱ्या टोकाच्या. मराठी राजकारणाची ही दोन टोकं एकाच पेंढीत बांधली गेलेली मी तरी फक्त गवताच्या बाबतीत पाहिली.

अणे पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले, १९४३ साली गांधीजींच्या उपोषणाच्या वेळी त्यातून बाहेर पडले आणि स्वातंत्र्यानंतर १९४८ ते १९५२ बिहारचे राज्यपाल होते. राज्यपालाच्या बंगल्यापुढे हिरवळ असते आणि ती कापायला सरकारी पगारी माळी असतात. सकाळी चहा घेताना विळ्याचा आवाज कानावर आला, तर बापूजींना पुसद आठवत असेल का? मला आपलं वाटतं, आठवत असेल.

कायदा मात्र पाटण्याला गेला नाही. तो जंगलातच राहिला. आता बांबू बघा. वनस्पतिशास्त्राप्रमाणे बांबू हे गवत, ही गोष्ट शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. १९२७ च्या कायद्यानं त्याला झाड ठरवलं होतं. झाड तोडायचं तर सरकारची परवानगी, वाहतुकीला पास. २००६ साली वनहक्क कायदा आला आणि त्यात बांबू गौण वनोपज म्हणून गावाचा झाला. तरी पासाचं पुस्तक खात्याकडेच. आमच्या शेजारच्या गडचिरोलीत मेंढा (लेखा) हे गोंडांचं गाव आहे. सामूहिक वनहक्क मिळालेल्या देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी एक. त्या गावानं पासासाठी इतका चिवट पत्रव्यवहार आणि पाठपुरावा केला, की २०११ च्या एप्रिलात केंद्रीय मंत्री जयराम रमेश मुख्यमंत्र्यांसह स्वतः तिथे आले आणि वाहतूक पासाचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. आपल्या जंगलातला बांबू विकायला दुसऱ्याच्या सहीची गरज उरली नाही. पुढे २०१७ च्या नोव्हेंबरात वटहुकूम निघून कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून 'बांबू' हा शब्द काढला गेला. तोही जंगलाबाहेर लावलेल्या बांबूपुरता उपयोगाचा. म्हणजे बांबू हे झाड नव्हे, हे कायद्याला कळायला नव्वद वर्षं लागली. आमच्याकडे नाव-पत्ता बदलायचा अर्ज तीन महिने पडून राहिला तर लोक आम्हांला नावं ठेवतात!

हे सगळं वाचल्यावर मला म्हातारेबुवांच्या मागणीचं नवल वाटेनासं झालं. आपल्यासारख्यांना गवत म्हणजे फुकट, क्षुल्लक, 'गवताच्या काडीएवढं'. आपल्या भाषेतही त्याची किंमत तेवढीच. पण ज्याच्या घरी म्हैस बांधलेली आहे, त्याला एका भाऱ्याचा अर्थ दोन दिवसांचं दूध असा लागतो, आणि ज्याच्या बापाचा विळा गेला आहे, त्याला कागदाचाही अर्थ लागतो. हिरवळीकडे बघून डोळे निवतात असं डॉक्टर सांगतात. निवत असतील. त्यासाठी डोळ्यांआधी पोट निवलेलं असावं लागतं.

आता लॉनच्या चाहत्यांसाठी शेवटचा व्यवहारी सल्ला. पाऊस चालू असताना यंत्र काढू नका. उघडीप मिळाली तर आधी विळ्यानं उंची कमी करून घ्या, मग दोन दिवस ऊन पडलं तर यंत्र फिरवा. कापलेलं गवत जाळू नका, गुरं असलेल्या माणसाला द्या आणि त्यानं चिठ्ठी मागितली तर शिक्क्यासह द्या. आणि पुरी हिरवळ कापून बघायची हौसच असेल, तर दिवाळीच्या सुमारास देवरीला या. धान हेही शेवटी गवतच आहे. तालुकाभर, मामा तलावांच्या खालच्या बांध्यांतून, डोंगराच्या पायथ्यापर्यंत पिवळं पडलेलं. कापायला इळेही तेच आणि माणसंही तीच. फरक एवढाच, की त्या हिरवळीची उंची तपासायला वरून कोणी येत नाही, आणि ती किती चांगली होती हे पोती मोजल्यावर कळतं.